बाण बरोबर

४ जानेवारी

ती. मामा, नमस्कार.

चौदावी पेटी काल संग्रहालयात पोचली. भुशात गुंडाळलेले अकराही दगड शाबूत आहेत, एकाचाही कोपरा उडालेला नाही. पोचपावती सोबत जोडली आहे. ‘बाण’ या रकान्यात नेहमीसारखं ‘बरोबर’ लिहिलंय, तेव्हा पावती वाचताना चष्मा शोधत बसू नका.

तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतं, की त्या बाणांचं मी एवढं करते तरी काय. मामीच्या शेडमधल्या बायकांना उत्तर द्यायचंय म्हणालात. तर त्यांना सांगा : खाणीत तुम्ही ज्याला वेटोळं म्हणता आणि आमच्या कागदांवर ज्याला अमोनाइट म्हणतात, तो एका समुद्री जिवाचा शंख. माकुळाचा लांबचा भाऊबंद. शंखात एकामागे एक खोल्या. जीव राहायचा फक्त शेवटच्या, सगळ्यात मोठ्या खोलीत. अंगाला ती पुरेनाशी झाली की पुढे सरकायचा आणि मागे भिंत घालायचा. मागच्या बंद खोल्यांत वायू, त्याच्या जोरावर तरंगायचा. मेला की शंख तळाला बसायचा, फटींतून थोडा गाळ आत शिरायचा आणि खोल्या अर्ध्यामुर्ध्या भरायच्या. उरलेल्या पोकळीत पुढे कधीतरी पांढरे स्फटिक धरायचे.

मी दगड उभा कापते तेव्हा खाली करडा गाळ आणि वर पांढरे स्फटिक दिसतात. दोन्हींच्या मधली रेघ म्हणजे त्या समुद्राच्या तळावरची पाणसळ. गवंड्याच्या पाणसळीत बुडबुडा असतो, हिच्यात पंधरा कोटी वर्षं जागचा न हललेला गाळ आहे. तुमच्या डोंगरातले थर सपाट. त्यामुळे दगड खाणीच्या भिंतीतून काढण्याआधी तुम्ही ओळंबा लावून ‘वर कुठे’ ते दाखवणारा लाल बाण काढलात, की माझी रेघ त्या बाणाशी काटकोनात यायला हवी. आली, तर बाण बरोबर. एवढंच माझं काम.

एक विचारू? ओळंबा दर दगडाला लावता ना? की हल्ली नजरेनेच भागवता? आईला तुमच्याच वयात डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं होतं आणि तिने सहा महिने कुणाला सुगावा लागू दिला नव्हता. तुम्ही तिचेच भाऊ. एकदा डॉक्टरांना दाखवून या.

तुमची,
सुई


१३ जानेवारी

चि. सुईस आशीर्वाद. (यावेळी जरा कमीच.)

ओळंबा लावता ना, असं तू मला विचारतेस? आठ वर्षांची होतीस, सुईसारखी बारीक, तेव्हा ओळंब्याच्या दोरीला लोंबकळून ‘मामा, हे हलतं का थांबत नाही’ म्हणून रडली होतीस. ते हलणं थांबेपर्यंत वाट बघायला मी तुला शिकवलं. चाळीस वर्षं मुकादमी केली, आजवर एक बाण नजरेने काढलेला नाही. ओळंबा डाव्या खिशात असतो. मामी म्हणते, जेवायलाही तो घेऊन बसता. माझे डोळे ठणठणीत आहेत, विषय संपला.

तुझ्या चौदाही पावत्या मी ऑफिसात खिळ्याला अडकवून ठेवल्यात. ‘बाण बरोबर’, ‘बाण बरोबर’, खाली संग्रहालयाचा शिक्का आणि तुझी सही. आल्यागेल्याला दाखवतो. मॅनेजरसाहेबांनाही फार आवडल्या. म्हणाले, मुकादम, हा थर कुठेही कललेला नाही याचा याहून मोठा पुरावा कुठला? त्यांना भिंतीच्या पायथ्याशी आणखी तीन मीटर खोल जायचंय, त्यासाठी परवानगीचा अर्ज करायचाय. अर्जाला पावत्यांच्या नकला जोडणार आहेत. ‘भिंत भक्कम आहे’ या ओळीखाली माझी सही लागेल. बघ, तुझं अक्षर कुठवर पोचलं!

मामी बरी आहे. वर भिंतीच्या माथ्यावरच्या शेडमध्ये तिचं आणि सहा बायकांचं दगड धुणं-निवडणं चालू आहे. शेडचं दार हल्ली आपोआप मिटतं अशी तिची तक्रार. मी म्हटलं, वारा. ती म्हणे, वारा नसतानाही मिटतं. लाकूड ओलं वापरलं असणार ठेकेदाराने, दुसरं काय.

मामा


२२ जानेवारी

मामी,

हे पत्र फक्त तुला आहे. मुद्दाम तुझ्या बहिणीच्या पत्त्यावर पाठवतेय.

मामांचे बाण चुकताहेत. सप्टेंबरच्या पेटीत पहिल्यांदा लक्षात आलं. गाळाची रेघ आणि बाण यांच्यात एक अंशाचा फरक होता. म्हटलं, होतं कधीतरी. पण नोव्हेंबरमध्ये दीड झाला, डिसेंबरमध्ये दोन. या चौदाव्या पेटीत जवळजवळ अडीच आहे. सगळे बाण एकाच बाजूला झुकलेले. आईलाही सगळं एका बाजूला झुकलेलं दिसायचं, आठवतं तुला? भिंतीवरची तसबीर ती रोज ‘सरळ’ करायची आणि आम्ही तिच्या मागे जाऊन परत सरळ करायचो.

इथला नियम कडक आहे. लागोपाठ तीन पावत्यांवर ‘चूक’ आलं, की ते काम त्या माणसाकडून काढून घेतात. मामांना ते सोसवेल का? मला नाही वाटत. म्हणून मी काय करते सांगू? दगड कापून झाला, की त्यांचा बाण थिनरने पुसते आणि गाळाच्या रेघेला जुळेल असा नवा काढते. ब्रश तोच, रंग तोच. पावतीवर लिहिते ‘बरोबर’. आमच्या प्रमुख बाईंना अजून संशय आलेला नाही. माझ्या खासगी वहीत मात्र मी दर पेटीचा खरा फरक तारखेसकट लिहून ठेवते. पानावर मथळा घातलाय, ‘मामांचे डोळे’. उद्या डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेल.

तू फक्त एवढं कर. काहीही थाप मार, पण त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात ने. मी हे असं किती दिवस झाकू?

सुई


३१ जानेवारी

सुई बाळा,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा कपाळावर हात मारला. तुम्ही मामा-भाची एकाच मातीचे. दोघांनाही लपवाछपवीची हौस, आणि निरोप्याची हमाली माझ्या डोक्यावर.

ऐक. तुझ्या मामांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू ऑगस्टमध्येच काढले. तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद होती, कारण तू संग्रहालयात बोलून जाशील आणि ‘मुकादमाला दिसत नाही’ असा बोभाटा होईल. आता त्यांना इतकं लख्ख दिसतं, की जगणं मुश्कील झालंय. चहाच्या कपावरचा डाग दिसतो, माझे पांढरे केस मोजतात. तरी तुझ्या समाधानासाठी गुरुवारी तपासायला नेलं. डॉक्टरांनी तक्ता लावला. यांनी शेवटची ओळ वाचली, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं.

मग बाण का चुकतात? मला नाही ठाऊक. दर दगडाला ओळंबा लावतात हे मी स्वतः बघते. लोंबतं टोक थांबेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाहीत, त्या वेळी घराला आग लागली तरी थांब म्हणतील.

बाकी इथलं नेहमीचं. शेडमधलं धुण्याचं टेबल डुगडुगतं. ऑक्टोबरात एका बाजूच्या पायांखाली चपटा दगड सरकवला होता, आता त्यावर दुसरा ठेवलाय. बायका म्हणतात टेबलाचे पाय झिजले. मी म्हटलं, दरीकडचेच दोन बरे झिजले! आणि दाराला तर आता वीट लावून ठेवावी लागते.

मॅनेजरच्या अर्जावर यांनी सही केली. परवानगी आली. पंधरा तारखेला पायथ्याशी खोदकाम सुरू. गड्यांना यांनी तुझ्या पावत्या वाचून दाखवल्या, भिऊ नका म्हणून.

मामी


६ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र शेवटपर्यंत वाचा. मध्ये राग आला तर येऊ द्या, पण वाचा.

तुमचे बाण बरोबर आहेत. सगळे. आणि गाळाच्या रेघाही बरोबर आहेत. तरीही दोन्ही जुळत नाहीत. सप्टेंबरपासून मी हे बघतेय आणि तुमच्यापासून लपवलंय. मला वाटलं, तुमची नजर गेली. मी तुमचे बाण पुसले आणि माझे काढले. पावत्यांवर ‘बाण बरोबर’ लिहिलं, ते माझ्या बाणांबद्दल लिहिलं, तुमच्या नाही. पाच पेट्या.

काल मामीचं पत्र हातात घेऊन मी टेबलाशी बसले होते. तुमचे डोळे स्वच्छ आहेत असं त्यात आहे. ओळंबा खोटं बोलत नाही. गाळ पंधरा कोटी वर्षं हललेला नाही. मग कोण हललं? मामा, ज्या भिंतीतून तुम्ही दगड काढताय तीच कलतेय. दगड तिच्यासोबत कलतात, आतली गाळाची रेघही कलते, आणि तुमचा ओळंबा तेवढा सरळ राहतो. बाण सरळ आहे म्हणून तर फरक दिसतोय.

माझ्या वहीतले आकडे लिहिते. सप्टेंबर, एक अंश. ऑक्टोबर, एकाहून किंचित जास्त. नोव्हेंबर, दीड. डिसेंबर, दोन. जानेवारी, अडीच. सगळे दरीकडे.

शेडचं दार वाऱ्याने मिटत नाही. टेबलाचे पाय झिजलेले नाहीत. शेड त्याच भिंतीच्या माथ्यावर आहे.

आणि माझ्या ज्या खोट्या पावत्या पाहून तुम्ही सही केलीत, त्यांच्याच भरवशावर पंधरा तारखेला त्या भिंतीचा पाय खणणार आहेत. मी आज सकाळी खाणीच्या ऑफिसात फोन केला. मॅनेजरांनी घेतला. मी सगळं सांगितलं. ‘बरं बरं, कळवतो मुकादमांना’ म्हणाले आणि ठेवला. त्यांना काय कळलं देव जाणे, म्हणून हे पत्र.

मामीला आणि त्या सहा जणींना शेडमधून बाहेर काढा. खाली खोदू देऊ नका. माझं काय करायचं ते नंतर ठरवा.

सुई


१० फेब्रुवारी

सुई,

मॅनेजरसाहेबांनी हजेरीच्या वेळी सगळ्या गड्यांसमोर मला विचारलं, ‘मुकादम, तुमच्या भाचीचा फोन होता. म्हणते तुमचे बाण वाकडे आहेत. परवानगी मिळाल्यावर बरं सुचलं तिला!’ माणसं हसली. मशीनवाला हसला, ज्याला मी हातोडा धरायला शिकवला.

तुला काही म्हणायचं होतं तर मला म्हणायचं होतंस. चव्हाट्यावर कशाला? चौदा वेळा ‘बरोबर’ लिहिलंस. तेव्हा खोटं लिहीत होतीस की आता खोटं बोलतेस?

तुझं जाड पाकीट आलंय. उघडलेलं नाही. उघडायची इच्छाही नाही.

मशीन लवकर आलं, त्यामुळे खोदाई पंधराऐवजी तेराला सुरू होतेय. मी जातीने उभा राहणार आहे.

मामा


१२ फेब्रुवारी, दुपार

मामा,

तुमचं पत्र आत्ता मिळालं. तेरा म्हणजे उद्या. ऑफिसचा फोन कुणी उचलत नाही. खाणीच्या ट्रकचा ड्रायव्हर रिकाम्या पेट्या घेऊन आज परत निघालाय, त्याच्या हातात ही चिठ्ठी देतेय. ट्रकमध्ये बसायला जागा नाही, दोघं आधीच आहेत. माझी गाडी उद्या सुटते, चौदाला पोचेन.

मला काय हव्या त्या शिव्या द्या. पाकीट उघडा.

सुई


१३ फेब्रुवारी

सुई,

ड्रायव्हर परतीसाठी थांबलाय, घाईत लिहिते. तू निघाली असशील तर हे तुला मिळणार नाही, तरी लिहिते, कारण दुसरं काही करता येत नाहीये.

यांनी पाकीट उघडलं नाही. आज सकाळी तुझी चिठ्ठी आली, ती मी वाचली, आणि कपाटातून पाकीट काढून मीच फोडलं. नवऱ्याचं पत्र फोडण्याची ही लग्नानंतरची पहिली वेळ. (दुसरी. पहिलीबद्दल पुन्हा कधीतरी.)

वाचून झाल्यावर मी शेडमध्ये गेले. जमिनीवर परात ठेवली आणि तांब्याभर पाणी ओतलं. दरीकडच्या काठाला दोन बोटं पाणी, डोंगराकडे तळ कोरडा. बायका बघत राहिल्या. घाबरवलं असतं तर चेंगराचेंगरी झाली असती. म्हणून म्हटलं, मॅनेजरसाहेब ऑफिसात चहा पाजताहेत. अशा धावल्या, की एकीची चप्पल अजून शेडमध्येच आहे. ती आणायला कुणाला परत जाऊ देत नाहीये.

मग खाली यांच्याकडे गेले. मशीन सुरू होतं, काही ऐकू येत नव्हतं. मी तुझ्या वहीतले आकडे यांच्या कानाशी ओरडून वाचले. सप्टेंबर एक. नोव्हेंबर दीड. जानेवारी अडीच. आधी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की वाटलं आता सगळ्यांसमोर ओरडणार. पण खिशातून ओळंबा काढला आणि मला मागे टाकून चढण चढले. शेडचा दाराजवळचा खांब यांनी पाच वर्षांपूर्वी स्वतः उभा केलेला. त्याच्या माथ्याला दोरी लावली आणि लोंबतं टोक थांबेपर्यंत उभे राहिले. मला एक क्षण थांबवेना, पण हे थांबले. टोक थांबलं तेव्हा ते आणि खांबाचा पाय यांच्यामध्ये माझा पंजा आडवा मावला, वर दोन बोटं जागा उरली.

‘हा खांब मी उभा केला होता,’ एवढंच म्हणाले.

आता ते पुन्हा खाली गेलेत. मशीन थांबवायला, आणि पायथ्याशी सात माणसं आहेत त्यांना काढायला. मॅनेजर म्हणतो लेखी आणा. मी इथे ऑफिसच्या ओट्यावर बसून लिहितेय. मशीनचा आवाज येतोय. अजून येतोय. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

आवाज थांबला. बघते.


२ मार्च

चि. सुईस आशीर्वाद.

अक्षर मामीचं आहे, बोलणं माझं. मध्येमध्ये ती स्वतःचं घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. (घुसडणारच. मामी.)

तू दवाखान्यात आलीस तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. दोन दिवस खाटेशी बसलीस आणि निघून गेलीस. तेव्हा जे सांगायचं राहिलं ते आज सांगतो.

आधी त्या दिवसाचं. मशीनवाल्याने माझं ऐकलं आणि मशीन बंद केलं. सातही जण खड्ड्यातून वर आले. मॅनेजर खाली येऊन आरडाओरडा करायला लागला, की मुकादमाचे डोळे गेलेत हे भाचीनेच सांगितलंय, आणि याच्या शब्दावर काम बंद ठेवायचं? माणसं माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, सगळ्यांदेखत एक बाण काढतो. वेटोळ्यांचा थर तिथे छातीच्या उंचीवर आहे. एक वेटोळं सकाळीच अर्धं मोकळं करून ठेवलं होतं. मशीनवाल्याला शेजारी उभं केलं. ओळंबा लावला, थांबेपर्यंत थांबलो, बाण काढला. ‘ओळंब्याला जुळतो का बघ,’ म्हटलं. तो म्हणाला, ‘केसाचाही फरक नाही.’ तेव्हा वरून बारीक खडे पडायला लागले होते. त्याला हाकललं. मी मात्र छिन्नी मारत राहिलो. दगड सुटला, छातीशी धरला आणि पळालो. (बासष्टाव्या वर्षी, दगड छातीशी धरून! हे मी आयुष्यभर माफ करणार नाही. मामी.)

तीन वाजून वीस मिनिटांनी अख्खी भिंत खाली आली, शेडसकट. टेबल, परात, त्या बाईची चप्पल, सगळं. माणूस एकही गेला नाही. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, ती दगडाला वरून धरलेली होती म्हणून. दगडाला ओरखडाही नाही.

आता रागाचं. राग होता, खरं आहे. बोटांचा नव्हता, पावत्यांचाही नव्हता. लागोपाठ पाच महिने तुझ्यासमोर दोन गोष्टी होत्या, मामा आणि डोंगर. त्यातलं काहीतरी चुकतंय हे तुला दिसत होतं. आणि दर वेळी तुला वाटलं, मामाच चुकला. डोंगर चुकत असेल असं एकदाही मनात आलं नाही. याचा राग होता. ज्या पोरीला मी ओळंबा थांबायची वाट बघायला शिकवलं, तिने माझा बाण पुसावा! कळवळ्याने पुसलास, हे कळतं मला. म्हणून जास्त लागलं.

पण पडल्यापडल्या विचार केला. मोतीबिंदूचं तुला कळवलं असतं, तर सप्टेंबरच्या पहिल्या दगडाशीच तुझी ट्यूब पेटली असती. माझ्या नावाला बट्टा लागेल म्हणून मी तोंड शिवून बसलो. आणि दार मिटत होतं, ते वाऱ्यावर ढकललं. जन्मभर ज्याने ओळंबा खिशात बाळगला, त्याने तो दाराला एकदा लावून बघितला नाही. तेव्हा आपली फिटंफाट.

पंधरा तारखेला चौकशीची माणसं येणार आहेत. ‘भिंत भक्कम’ या ओळीखाली सही माझी आहे आणि मॅनेजर तीच पुढे करतोय. मला भाचीच्या पावत्यांनी फसवलं असं मी सांगणार नाही. तू काय सांगायचं ते तू ठरव. मी मागत नाही.

सोबतच्या पेटीत एकच दगड आहे. डॉक्टर म्हणतात हात बरा होईल, पण ब्रश धरता येईल की नाही ते सांगत नाहीत. तेव्हा हा बहुधा माझा शेवटचा बाण.

पुसू नकोस.

मामा


९ मार्च

ती. मामा,

पेटी पोचली.

ती न उघडता मी आधी प्रमुख बाईंच्या खोलीत गेले. पाच महिन्यांचं सगळं सांगितलं आणि वही त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी मथळा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी मथळा खोडला नव्हता. ‘मामांचे डोळे’ असाच आहे, आणि खाली डोंगर कसा कलत गेला त्याच्या तारखा. वहीची नक्कल आणि माझा लेखी जबाब काल चौकशीच्या कचेरीला गेला. त्यात लिहिलंय, की मुकादमांनी सही केली ती माझ्या खोट्या पावत्यांवर विश्वास ठेवून, आणि त्यांचा एकही बाण चुकलेला नव्हता. तुम्ही मागितलं नाहीत. मी दिलं.

मला टेबलावरून काढलंय. उद्यापासून मागच्या खोलीत चिठ्ठ्या चिकटवायचं काम. जुन्या सगळ्या दगडांवरचे माझे बाण दुसरं कुणीतरी तपासणार आहे. दगडाच्या बारीक खळग्यांत तुमच्या रंगाचे ठिपके अजून शिल्लक आहेत, त्यांवरून तुमचे बाण परत काढता येतील असं त्या म्हणतात. सुदैवाने मी तेवढी नीट पुसणारी नव्हते.

मी एकच विनंती केली. हा शेवटचा दगड मला कापू द्या, तुम्ही समोर उभ्या राहा. त्या उभ्या राहिल्या.

मामा, सुंदर वेटोळं आहे. अकरा खोल्या, अकराही खोल्यांत तळाशी करडा गाळ आणि वर पांढरे स्फटिक. मी कोनमापक लावलं. मग हात सवयीने थिनरच्या बाटलीकडे गेला. बाईंनी काही म्हणायच्या आत मीच तो मागे घेतला, आणि मग मला रडू आलं ते आवरेना. त्यांनी बाटली उचलून खिडकीत ठेवली आणि म्हणाल्या, पावती लिही.

लिहिली. खिळ्याला लावायची असेल तर लावा.

पोचपावती
पेटी : पंधरावी
नग : एक
गाळाची रेघ : बाणाला काटकोनात नाही, पाच अंश दरीकडे कललेली
बाण : बरोबर